लटारूजीच्या डोंग्यातली माता

मला पोहता येत नाही. वरोऱ्याकडच्या काळ्या मातीत, कापसाच्या ओळींत वाढलेल्या माणसाला ते येण्याचं कारणही नव्हतं. आमच्याकडचा नाला पावसाळ्यात आठ-दहा दिवस लेंगा वर करून ओलांडायचा, आणि बाकी वर्षभर त्याच्या पात्रात बैल बांधायचे. अशा माणसाला सरकारने नोकरी दिली ती वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या खेड्यांत देवीची लस टोचायची. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. निम्मी गावं या काठाला, निम्मी त्या काठाला, आणि पूल नावाची गोष्ट मैलोनमैल नाही. हुकूम हातात देताना साहेबांनी विचारलं, सायकल येते का? मी म्हटलं, येते. पोहण्याचं त्यांनी विचारलं नाही आणि नोकरीच्या गरजेपायी मीही सांगितलं नाही.

त्यामुळे चार वर्षं माझा जीव एका माणसाच्या हातात होता. पळसघाटचे लटारूजी. जातीने ढिवर, म्हणजे मासेमार-नावाडी, वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने वाळलेले. लहानपणी त्यांना देवी येऊन गेली होती. तोंडभर वण असे की रागावलेत की हसताहेत ते ओळखायला मला वर्ष लागलं. नंतर कळलं की ते दोन्ही फारसं करत नसत. बायको लवकर गेली, तिच्यामागे एकुलती पोर पार्बता त्यांनी डोंग्यात बसवून वाढवली आणि समोरच्याच काठावर, मोहटोल्याला, दिली. का, तर मधात फक्त नदी.

त्यांचा डोंगा सागाच्या फळ्यांचा होता. बूड पाटासारखं सपाट, दोन्ही टोकं जराशी उचललेली. बूड सपाट म्हणून तो वीतभर पाण्यातही चाले, आणि बूड सपाट म्हणूनच कोणी एका अंगाला झुकलं की सगळा डोंगा झुके. दरवर्षी तो पालथा घालून फटींत चिंध्या आणि राळ भरायचं काम ते स्वतः करत, दुसऱ्याचा हात लागू देत नसत. पळसघाटला डोह असल्यामुळे उन्हाळ्यातही डोंग्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी त्यांचा नियम पाहिला. माणसं बसली की ते डोंग्याच्या कडेला पाण्यालगत हात आडवा लावत. चार बोटं मावली पाहिजेत. साडेतीन मावली की कोणीतरी उतरायचं. त्या दिवशी एका मालगुजाराचे, म्हणजे तिकडच्या जमीनदाराचे, जावई ट्रंक, गादी आणि दोन माणसं घेऊन बसले होते. मालगुजारी गेली होती, पण जावई अजून जावईच होते. लटारूजींनी हात लावून पाहिला आणि म्हणाले, "ट्रंक नाई तं तुमी. एक उतरा."

"मी कोन आहे मालूम आहे का तुले?"

"मले मालूम आहे जी," लटारूजी म्हणाले, "पानी तुमाले ओरखत नाई."

ट्रंक उतरली. मी माझी लशीची पेटी मांडीवर घट्ट धरून, डोळे मिटून बसलो होतो. उतरताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "नवीन आहात का जी? डोळे उघडे ठेवत जा. मिटल्यानं पानी कमी होत नाई."

डोंग्यात बसलेल्यांची मोजणी ते कधी आकड्यांनी करत नसत. 'एक बसला, आनखी बसला, आनखी एक बसली' असं पुटपुटत. पाण्यावर असताना कोणाचं नाव घेत नसत, सगळे भाऊ आणि बाई. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, कोण कशासाठी पलीकडे जातंय हे त्यांनी जन्मात विचारलं नाही. एकदा सकाळी त्यांनी एक पळून चाललेलं जोडपं पार नेलं, आणि दुपारी त्या पोरीला शोधत आलेला तिचा बाप नेला. मी सकाळीही होतो आणि दुपारीही होतो. बाप मधल्या धारेत ओरडला, "तूनंच नेलं असन तिले! विचारता येत नाई का तुले, कुठी चालली म्हनून?" लटारूजी बांबू लावत म्हणाले, "वजन पाहाचं माहं काम आहे, भाऊ. कारन पाहाचं नाई." मला तेव्हा त्या उत्तराचं फार कौतुक वाटलं होतं. चांद्याला आल्यावर खानावळीत मी ते दोन-तीनदा सांगितलंही.

माझ्या कामात त्यांची मदत वेगळीच होती. तेव्हाची लस काचेच्या बारीक नळ्यांत यायची, आणि उन्हाने खराब व्हायची. आमच्याकडे थंड ठेवायला ओल्या फडक्यापलीकडे काही नव्हतं. लटारूजींनी एकदा माझी ती धडपड पाहिली आणि न बोलता बांबूचं एक कांडं तासून आणलं. नळ्या त्यात घालायच्या, तोंडाला राळ लावायची आणि दोरीने डोंग्याच्या मागे पाण्यात सोडायचं. "खालचं पानी वैशाखातबी थंड असते," ते म्हणाले. दिवसभर मी गावात फिरून आलो की लागेल तेवढ्या नळ्या काढून देत. त्या नळ्यांत काय आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. स्वतःच्या तोंडावर जे होतं ते इतर पोरांच्या तोंडावर येऊ नये, एवढं त्यांना माझ्याबद्दल पटलेलं होतं. पण माता ही माता. ती देवी आहे, पाहुणी म्हणून येते, तिचा मान ठेवला की जाते, हेही तितकंच पक्कं. या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी राहत आणि भांडत नसत. भांडायचो तो मी.

मोहटोल्याला पार्बताची मुलगी होती, मैना. चार वर्षांची असेल. आजोबांचा डोंगा पलीकडे लागला की ती वाळूतून धावत यायची. लटारूजींना वर गावात जायला वेळ नसला तर ते घाटावरच्या एका दगडावर पळसाच्या पानाचा द्रोण ठेवून परतत. त्यात रानातली टेंभरं, कधी चारोळीची चारं, कधी दोन बोरं. एकदा नुसताच एक गुळगुळीत लाल गोटा होता. आबाजीच्या डोंग्यातून जे उतरतं ते आपलं, असं त्या पोरीचं साधं गणित होतं, आणि ते तिला आबाजीनेच शिकवलं होतं. तिच्याशी बोलताना मात्र लटारूजींच्या तोंडावरचं हसू मला वर्षभर थांबल्याशिवाय ओळखता आलं.

नोकरीच्या चौथ्या साली फाल्गुनात पळसघाटला माता आली. मी आधी दोनदा तिथे टोचायला गेलो होतो, दोन्ही वेळा अर्ध्या घरांनी लेकरं घेऊन मोहफुलं वेचायच्या निमित्ताने जंगल गाठलं होतं. आता दारोदार कडुनिंबाचे डहाळे लागले. मी जेवढ्यांना टोचता येईल तेवढ्यांना टोचलं, मग आजूबाजूची गावं घेतली. मोहटोल्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. तिथल्या पाटलाशी मंडपात उभ्याने तासभर हुज्जत घालावी लागली, आणि तोवर लशीच्या नळ्यांची पिशवी बाहेर उन्हात पडलेली होती. माझ्या ते ध्यानात आलं होतं, हे आज स्पष्ट लिहून ठेवतो. पण दुसऱ्या नळ्या नव्हत्या, आणि लोक एकदाचे रांगेत आले होते. मी टोचलं. मैनेलाही टोचलं. ती रडली नाही, माझ्याकडे रागाने पाहत राहिली.

टोचल्यावर आठव्या दिवशी परत जाऊन फोड आला की नाही ते पाहायचं असतं. आला नाही तर पुन्हा टोचायचं. आठव्या दिवशी मी वरोऱ्याला माझ्या स्वतःच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, पाटावर बसलो होतो.

परत आलो तो चैत्र लागला होता. मोहटोल्याला जायचं म्हणून सकाळीच पळसघाटच्या घाटावर पोचलो, तर सगळं गाव तिथे. गावातली माता निवली होती आणि आज तिला पोहोचवायचं होतं. आलेल्या पाहुणीला गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचं असतं. पळसघाटची शीव म्हणजे नदी, म्हणून तिला पलीकडच्या वाळूवर उतरवायचं, आणि ते काम पिढ्यान्पिढ्या डोंगेवाल्याचं. त्यातही ज्याला माता एकदा शिवून गेली आहे त्याचं. म्हणजे लटारूजींचंच.

नव्या बांबूची टोपली होती. तिच्यात निंबाचा पाला, हळद, हिरव्या बांगड्या, एक हिरवं कोरं कापड, आणि खाली आजारात लेकरांच्या अंगावर असलेले कपडे. झबली, फाटक्या गोधड्यांचे तुकडे. ज्यांची लेकरं वाचली त्या बाया आणि ज्या तिघींची गेली त्या, सगळ्या सारख्याच हात जोडून उभ्या होत्या. डफडं वाजत होतं.

मी लटारूजींना बाजूला घेतलं. "हे कपडे पलीकडे नेऊ नका. जाळा. नाई तं मधात धारेत सोडून द्या. रोग याच्यातूनच जाते."

"रोग नोहे, डागतर. माता आहे."

"बरं, माता. पन तिकडं मोहटोला आहे. पार्बता आहे, मैना आहे."

ते पाण्याकडे पाहत म्हणाले, "आपल्या घरी पावनी आली, राह्यली, आता जाऊन राह्यली. तिले मी मधात बुडवू? पावनीले कोनी बुडवते का जी?" आणि माझा चेहरा पाहून हळूच म्हणाले, "घाटावर नाई ठेवत. वरच्या अंगाले खडकाच्या मांगं ठेवतो. तिकडून कोनाची वाट नाई."

मला वाटलं, एवढं तरी मिळवलं.

टोपली उचलली की डोंगेवाल्याने तोंड उघडायचं नाही. ती उतरवली की पाठ फिरवायची आणि मागे वळून पाहायचं नाही. पाहिलं तर माता त्याच्या मागे परत गावात येते. डोंग्यात दुसरं माणूस नको, म्हणून मी काठावरच राहिलो. लटारूजी उघड्या डोक्याने डोंगा घेऊन गेले. मी पाहत होतो. डोंगा वरच्या अंगाला वळला, खडकापाशी लागला, ते उतरले, दिसेनासे झाले, पुन्हा दिसले. तेवढ्यात मोहटोल्याच्या घाटाकडून वाळूवरून एक लाल ठिपका खडकाच्या दिशेने जाताना मला दिसला. शेळीबिळी असेल असं मला वाटलं नाही. पोर आहे हे मला दिसलं. मी काय विचार केला ते आठवत नाही. बहुधा काहीच केला नाही.

डोंगा परत लागला. लोकांनी आनंदाने डफडं वाजवलं. लटारूजी खाली उतरून माझ्याजवळ आले आणि टोपली उचलल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलले.

"मैनीचा आवाज आला."

"मंग?"

"आबाजी, आबाजी करत होती." ते थांबले. "माय असन संग."

माता नेलेला डोंगा पाच दिवस पाण्यात घालत नाहीत. माणसांनी तोवर तो पालथा घातलाही होता. मला पोहता येत नव्हतं. लटारूजींना मासोळीइतकं पोहता येत होतं, पण पाच दिवस त्यांनी पलीकडच्या काठाला शिवायचं नव्हतं. खालच्या घाटाने वळसा घालून मोहटोल्याला जायचं म्हणजे दोन दिवसांची पायपीट होती. ती मी करायला हवी होती. त्या दोन दिवसांत जाऊन त्या पोरीचा दंड पाहिला असता, चांगल्या लशीने पुन्हा टोचलं असतं, तर बहुतेक ती वाचली असती. हे मी नंतर पुस्तकात वाचलं नाही, तेव्हाही मला माहीत होतं. मी मात्र या काठाची गावं आधी उरकू असं ठरवलं, आणि सायकल काढली.

पुढचं मला लटारूजींच्या जावयाने सांगितलं. मैनेला आबाजीचा डोंगा दिसला, आणि आबाजी काहीतरी ठेवून जाताना दिसला. ती खडकामागे गेली. टोपलीतल्या बांगड्या तिला मोठ्या होत्या, त्या तिने दंडापर्यंत चढवल्या, आणि ते हिरवं कापड अंगाभोवती गुंडाळून घरी आली. पार्बता पळसघाटची लेक, तिने पाहताक्षणी ओळखलं. सगळं नदीत फेकून दिलं, पोरीला चारदा आंघोळ घातली आणि कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आपल्या पोरीने गावात माता आणली म्हणून लोकांनी घर सोडायला लावलं असतं. तेरा-चौदा दिवसांनी ताप भरला.

जावई घाटावर निरोप घेऊन आला तेव्हा मी तिथेच होतो. लटारूजींनी मला डोंग्यात घेतलं. त्या दिवशी त्यांनी कडेला हात लावून पाहिला नाही, आम्ही तिघेच होतो.

माता असलेल्या घरात बाहेरून आलेल्याने जायचं नसतं. मला पार्बताने आत घेतलं, ते डागतर म्हणून. मैनेच्या अंगावर पुरळ उठायला लागलं होतं. मी दंड पाहिला. टोचल्याच्या जागी काही नव्हतं, कातडी कोरी होती. कुडाच्या भिंतीला फट होती आणि तिच्यातून लटारूजी पाहत होते.

"तिथीच टोचलं होतं ना जी?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"हो."

"फोड नाई आला."

"नाई आला."

त्यांनी मला शिवी द्यावी असं मला फार वाटलं. ते फटीखाली बसले. आणि मी उन्हात पडलेल्या पिशवीबद्दल काही बोललो नाही.

नऊ दिवस लटारूजी त्या कुडाबाहेर बसून होते. अंगावर ऊन येई तसे भिंतीच्या कडेने सरकत. पळसघाटचे लोक घाटावर हाका मारून थकले, डोंगा हलला नाही. मी त्याच काठावरच्या गावांत मुक्काम करून एक-दोन दिवसांआड यायचो, माझ्याजवळ आता चांगल्या नळ्या होत्या आणि मी सगळ्या मोहटोल्याला पुन्हा टोचत होतो. काहींच्या बाबतीत ते वेळेवर झालं, काहींच्या नाही. मैना तापात बडबडायची. बरी शुद्ध असली की भिंतीतून आजोबांशी बोलायची. तिला टेंभरं हवी होती. लटारूजी पहाटेच जंगलात जाऊन आणत आणि फटीतून एक एक आत सरकवत. तिला गिळता येत नव्हतं, ती नुसती हातात धरून ठेवायची.

एकदा मी आत असतानाच तिने विचारलं, "आबाजी, मी आवाज देल्ला तं तू मांगं काऊन नाई पाह्यलं?"

फटीतून आणखी एक टेंभरं आत आलं.

"कानात पानी गेलं होतं, माय," लटारूजी म्हणाले.

पार्बता चुलीपाशी बसली होती. तिने मान वर केली आणि भिंतीकडे पाहिलं.

दहाव्या दिवशी मैना गेली. मातेत गेलेल्या लेकराला जाळत नाहीत. लटारूजींनी खड्डा खणला, कोणाला हात लावू दिला नाही. माती सारखी करून ते उभे राहिले तेव्हा पार्बता त्यांच्यासमोर आली. रडण्याच्या पलीकडे गेलेला तिचा आवाज अगदी साधा होता.

"बाबा, तुमी ऐकलं होतं ना?"

"ऐकलं होतं."

"मंग पाह्यलं काऊन नाई?"

लटारूजी खाली वाकून सारखी केलेली माती पुन्हा सारखी करू लागले. मला वाटतं त्यांच्याजवळ उत्तर होतं, आणि ते खरंही होतं. मागे पाहिलं असतं तर माता पळसघाटला परत आली असती, तिथेही लेकरं होती. पण हे आईला कसं सांगायचं? पार्बता त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. माझ्याशी बोलत राहिली, हे मला आजही सहन होत नाही.

मोहटोल्यात आणखी चार लेकरं गेली. वैशाखाच्या शेवटी तिथली माता निवली आणि गावाने तिला पोहोचवायचं ठरवलं. मोहटोल्याची शीव तीच नदी. डोंगा एकच, आणि तोंडावर वण असलेला डोंगेवाला एकच. पाटील स्वतः येऊन लटारूजींना म्हणाला, "तुमीच आनली, तुमीच न्या." त्याला वाईट बोलायचं नव्हतं, तशी रीतच होती. लटारूजींनी मान हलवली.

पुन्हा तशीच टोपली. पार्बता घरातून मैनेचं झबलं घेऊन आली आणि बापाकडे न पाहता तिने ते पाल्याखाली ठेवलं. डोंगा सुटला तशी सगळ्या गावाने पाठ फिरवली. मी सरकारी माणूस, मी पाहत उभा राहिलो.

ते पलीकडे, पळसघाटच्या बाजूला, वरच्या अंगाने गेले. काठ दोन हातांवर आला. तिथे गुरं पाण्यावर होती, दोन बाया धुणं धूत होत्या आणि त्यांची पोरं वाळूत खेळत होती. डोंगा पाहून बाया पोरांना ओढत पळाल्या. लटारूजी बांबू रोवून उभे राहिले. किती वेळ, ते सांगता येत नाही. मग त्यांनी वळून आमच्या काठाकडे पाहिलं. सरळ, अंगभर वळून पाहिलं. माझ्याशेजारी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला कशाने कोण जाणे ते कळलं, तो ओरडला, "पाह्यलं! त्यानं मांगं पाह्यलं!" कल्लोळ झाला. तोवर लटारूजींनी बांबू उपसला होता, आणि डोंगा कोणत्याही काठाला न लागता धारेबरोबर खाली निघाला होता.

दोन्ही गावं घाबरली. माता गेली की राहिली, कोणालाच सांगता येईना. पळसघाटच्या लोकांनी लटारूजींच्या झोपडीच्या दारावर काटेरी फांद्या टाकल्या. परत आला तर घाटावर पाय ठेवू द्यायचा नाही असं बैठकीत ठरलं. खालच्या घाटाने वळसा घालून मी त्या बैठकीला पोचलो आणि त्यांच्या बाजूने बोललो, पण फार नाही.

चार दिवसांनी मी वीस-बावीस मैल खाली एका गावात टोचायला गेलो होतो. भर दुपार. घाटावर पिशवी सावलीत ठेवून मी नळ्या काढत होतो आणि गावातली सात-आठ पोरं माझ्याभोवती कोंडाळं करून उभी होती. एकजण म्हणाला, डोंगा येऊन राह्यला.

तो लटारूजींचाच होता. नदी तिथे उथळ होती, मधल्या वाळूच्या पट्ट्यावरून ते डोंगा खांद्याने रेटत होते. पाणी लागलं तसे आत बसले. अंगावर फक्त लंगोटी होती, धोतर टोपलीवर झाकलं होतं आणि त्यावर निंबाचा पाला. पाला हिरवागार होता, म्हणजे रोज ताजा घालत असावेत. ओठ फुटले होते. मी गुडघाभर पाण्यात जाऊन हाक मारली.

"लटारूजी! इकडं या! टोपली मले द्या!"

त्यांनी बांबू टेकून डोंगा थांबवला. काठापासून वीसेक हात दूर. "तुमी जाळून टाकसान," ते म्हणाले. आवाज बसला होता. "तिचं झबलं आहे त्याच्यात. आन् मातेले जाळू कसा देऊ?"

"मंग कुठी नेता?"

"जिथी कोनी नसन तिथी उतरवतो."

"समोर सारी गावंच आहेत, लटारूजी. पार सिरोंच्यापर्यंत."

"असतीन," ते म्हणाले. मग उन्हाच्या झळांमुळे की काय, डोळ्यांवर आडवा हात धरून काठ न्याहाळू लागले. माझ्यामागे उभं असलेलं त्यांना नीट दिसत नसावं. "डागतर, तुमीच सांगा. इथी लेकरं आहेत का?"

नाही म्हणालो असतो तर ते काठाला लागले असते. त्यांना पाणी पाजता आलं असतं, सावलीत निजवता आलं असतं, टोपलीचं मी माझं पाहून घेतलं असतं. पोरं माझ्या पाठीशी चिकटून उभी होती, एकीने माझा शर्ट धरला होता.

"आहेत," मी म्हटलं.

लटारूजींनी मान हलवली आणि डोंगा धारेला लावला.